तपकिरी जोडप्याला पिवळी पिल्लं कशी? गोगलगायीच्या शंखाच्या रंगाचं गणित

सोयाबीनला दोन-चार पानं फुटली की मराठवाड्यातला शेतकरी रात्री बॅटरी घेऊन बांधावर गोगलगायी शोधत फिरतो. २०२२ च्या जुलैमध्ये लातूर, बीड आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी कोवळं पीक असं फस्त केलं की अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं शेतात अंथरायची, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हा आता तिथला पावसाळी उद्योगच झाला आहे. आणि त्याच शेतकऱ्याच्या मोबाइलवर रील येतं ते परदेशातलं: काचेच्या पेटीत गोगलगाय, तिच्यापुढे काकडीची चकती, आणि खाली कुणीतरी विचारलेलं, ‘हिची पिल्लं कुठल्या रंगाची होतील?’

आपल्याला हा प्रश्न रिकामटेकडा वाटेल, पण तसा तो नाही. मेंडेलचे वाटाण्यावरचे नियम १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले. त्यानंतर चारच वर्षांत, १९०४ मध्ये, झुरिकच्या आर्नोल्ड लांग यांनी गोगलगायींच्या शंखावरचे पट्टेही त्याच नियमांनी पुढच्या पिढीत जातात हे दाखवलं. तेव्हापासून गोगलगाय ही आनुवंशिकता शिकवणारी एक जुनी मास्तरीण आहे. फक्त तिचे धडे सरळ नाहीत. शंखावर जे दिसतं ते तिच्याकडे असलेल्या मालाचा अर्धाच भाग असतो, आणि पाळणारे नेमके तिथेच चकतात.

कोणती गोगलगाय?

हा लेख मुख्यतः एका युरोपीय गोगलगायीबद्दल आहे. तिचं शास्त्रीय नाव सेपेआ नेमोरॅलिस, इंग्रजांच्या बोलण्यात ग्रोव्ह स्नेल. शंख जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा. ब्रिटनपासून स्पेनपर्यंत कुंपणांत, गवतात, वाळूच्या टेकड्यांवर सापडते आणि मुलं तिला बरण्यांत पाळतात. शंखाचा मूळ रंग पिवळा, गुलाबी किंवा तपकिरी. त्यावर गडद पट्टे असतात, एकही नाही ते पाच. एकाच कुंपणाखाली वीस गोगलगायी उचलल्या तर त्यांत सहा-सात तऱ्हा निघतात, आणि जात मात्र एकच.

वयात आली की शंखाच्या तोंडाची कड जाड होते आणि बहुधा गडद तपकिरी रंगते. त्यानंतर शंख वाढत नाही. ही कड पुढे आपल्या उपयोगाला येणार आहे.

दोन पानं, एकच दिसतं

शरीराचा एखादा गुण कसा घडवायचा याची सूचना असलेला डीएनएचा तुकडा म्हणजे जनुक. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, दोन पालकांकडून एकेक आलेली. या प्रतींना पत्ते समजू. तपकिरी हा राजा, गुलाबी ही राणी, पिवळा हा गुलाम. प्रत्येक गोगलगायीच्या हातात रंगाची दोनच पानं असतात आणि शंखावर दिसतं ते त्यांतलं वरचढ पान. राजा आणि गुलाम हातात असेल तर शंख तपकिरी. गुलाम कुठेही जात नाही, फक्त दिसत नाही. वरचढ ठरणाऱ्या प्रतीला प्रभावी आणि दबणाऱ्या प्रतीला अप्रभावी म्हणतात. या विषयातले अवघड शब्द जवळपास संपले.

पिल्लाला प्रत्येक पालक आपल्या दोन पानांपैकी एक देतो, न बघता. दोन्ही तपकिरी पालकांच्या हातात राजा-गुलाम असेल, तर चारांतल्या एका पिल्लाच्या वाट्याला दोन्हीकडून गुलाम येतो आणि ते पिवळं निघतं. शीर्षकातल्या कोड्याचं उत्तर एवढंच आहे. चाराला एक हे सरासरीचं गणित. चाळीस पिल्लांत दहाच्या ऐवजी सात किंवा तेरा पिवळी निघाली तर बिघडलं काही नाही.

उलट बाजूने पाहा. पिवळ्या गोगलगायीच्या हातात दोन्ही गुलामच असतात, नाहीतर ती पिवळी दिसलीच नसती. म्हणून दोन पिवळ्यांची पिल्लं पिवळीच. पाळणाऱ्याला रंगाची खात्री हवी असेल तर ती याच जोडीत मिळते. तपकिरीच्या पोटात काय दडलंय ते तिची पिल्लं पाहिल्याशिवाय कळत नाही.

यातून एक छान कसोटी निघते. समजा दोन तपकिरी पालक आहेत. दोघांकडे एकेक राजा आहे आणि एकेक दडलेलं पान. पिल्लू तपकिरी नसेल तर त्याला दोन्ही राजे मिळालेले नाहीत, म्हणजे दोन्ही दडलेली पानं मिळाली. अशा प्रत्येक पिल्लाकडे तीच दोन पानं येणार, म्हणजे ती सगळी एकाच रंगाची हवीत: सगळी गुलाबी किंवा सगळी पिवळी. एकाच घाण्यात तपकिरीबरोबर गुलाबीही आणि पिवळीही निघाली, तर समजावं की हिशेबात तिसरं कुणीतरी आहे.

हा तिसरा आला कुठून?

जमिनीवरच्या बहुतेक गोगलगायी उभयलिंगी असतात, म्हणजे प्रत्येकीच्या शरीरात अंडी आणि शुक्रजंतू दोन्ही तयार होतात. तरी सेपेआला अंडी फलित करायला सहसा जोडीदार लागतोच. मीलनात दोघी एकमेकींना शुक्रजंतू देतात आणि नंतर दोघीही अंडी घालू शकतात. त्याआधी त्या एकमेकींच्या अंगात चुन्याचा एक बारीक बाणही खुपसतात. कामदेवाच्या बाणाची कल्पना आपल्या पूर्वजांना कुठून सुचली कोण जाणे, पण इथे तो खरोखरचा आहे आणि टोकदार आहे.

गोंधळ होतो तो यानंतर. मिळालेले शुक्रजंतू गोगलगाय साठवून ठेवते, काही महिनेच नव्हे, कधी वर्षाहून जास्त. एकीपेक्षा अधिक जोडीदारांचे शुक्रजंतू तिच्याकडे एकाच वेळी असू शकतात आणि एकाच खेपेच्या अंड्यांचे बाप वेगवेगळे असू शकतात. बागेतून मोठी गोगलगाय उचलून आणली, घरी तिला एका पिवळ्या जोडीदाराबरोबर ठेवली आणि झालेल्या पिल्लांचा हिशेब त्या जोडीदाराच्या नावावर मांडला, तर तो हिशेब चुकणारच. ‘एकटी ठेवली होती तरी अंडी घातली, चमत्कार!’ असं कुणी सांगतं तेव्हाही पहिला संशय जुन्या साठ्यावर घ्यावा.

संशोधक यावर साधा उपाय करतात. कड जाड होण्याआधीच, म्हणजे वयात येण्यापूर्वी, पिल्लांना एकेकटं वेगळं ठेवतात. वयात आल्यावर ठरवून जोडी लावतात, मग पुन्हा वेगळं करतात आणि कुणाची अंडी कुठली याची चिठ्ठी डब्यावर चिकटवतात. काम कंटाळवाणं आहे. पण हे न करता ‘माझ्याकडे नवीन रंगाची जात तयार झाली’ असा दावा कुणी केला, तर मी तरी तो गंभीरपणे घेणार नाही.

घाईनेही फसगत होते. अंडी मातीत पुरलेली असतात, बहुधा तीसेक ते पन्नास, आणि साधारण तीन आठवड्यांत फुटतात. बाहेर येणारं पिल्लू फिकट, जवळजवळ पारदर्शक शंखाचं असतं. शंख कडेकडेने वाढतो. अंगावरच्या मऊ आवरणाची कड नवा थर घालत जाते आणि रंग, पट्टे त्या वाढीबरोबरच उमटतात. म्हणून पहिल्या आठवड्यात ‘सगळी पांढरी झाली’ म्हणून आनंदून जाऊ नये.

पट्टे रंगाच्या मागेमागे का जातात?

पट्ट्यांचं जनुक वेगळं आहे आणि त्यात बिनपट्ट्याची प्रत प्रभावी असते. अनेकांना हे उलटं वाटतं, कारण आपण नक्षी म्हणजे काहीतरी जास्तीचं आणि म्हणून वरचढ असं धरून चालतो. जनुकांना असा सौंदर्यविचार नसतो. पट्टे घालायची प्रक्रिया थांबवणारी एक प्रत पुरेशी होते.

आता गंमत. रंगाचं पान आणि पट्ट्याचं पान ही दोन स्वतंत्र पानं असती तर ती कशीही पिसली गेली असती. पण सेपेआमध्ये ती जणू डिंकाने चिकटवलेली आहेत. एखाद्या गोगलगायीला एका पालकाकडून ‘पिवळा, पट्टेदार’ आणि दुसऱ्याकडून ‘गुलाबी, बिनपट्ट्याचा’ असा संच मिळाला असेल, तर ती पुढे हेच दोन संच देते. तिची जोडी पिवळ्या पट्टेदार गोगलगायीशी लावा: अर्धी पिल्लं पिवळी पट्टेदार, अर्धी गुलाबी बिनपट्ट्याची. पिवळं बिनपट्ट्याचं पिल्लू त्यांत मिळत नाही. अशा चिकटून जाणाऱ्या जनुकांच्या गठ्ठ्याला सुपरजीन म्हणतात. या गठ्ठ्यात रंग आणि पट्टे यांच्याबरोबर शंखाच्या कडेचा रंगही येतो.

हा डिंक कधी सुटतो का? जुन्या प्रयोगांत क्वचित सुटल्याच्या नोंदी होत्या. २०१९ मध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी दाखवलं की अशा नोंदींचा उलगडा दुसऱ्या प्रकारेही होतो: जनुक हजर असतं, पण काही पिल्लांत त्याचा परिणाम दिसत नाही, आणि आपण समजतो की गठ्ठा फुटला.

फक्त मधला एकच पट्टा ठेवणारं जनुक मात्र या गठ्ठ्याबाहेर, पूर्ण स्वतंत्र आहे. तेही प्रभावी. पण शंखावर पट्टेच नसतील तर ‘मधलाच ठेवा’ ही सूचना कुठे दिसणार? म्हणून बिनपट्ट्याच्या दोन गोगलगायींना एका पट्ट्याची पिल्लं होऊ शकतात. दडलेल्या दोन गोष्टी एकदम बाहेर येतात, इतकंच.

‘पण खाण्याने रंग बदलतो म्हणतात!’

विष्ठेचा बदलतो. गाजर दिलं की नारिंगी, पालक दिला की हिरवी. बघायला मजा येते. शंखाचा पिवळा, गुलाबी की तपकिरी हा निर्णय मात्र गाजर-पालकावर होत नाही.

खाण्याचा परिणाम शंखाच्या तब्येतीवर होतो. शंख मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याच्याच कुळातला. कॅल्शियम कमी पडलं तर तो पातळ, ठिसूळ होतो. म्हणून पाळणारे पेटीत समुद्रफेनाचा तुकडा ठेवतात, आपल्याकडे पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तोच. शंखाच्या बाहेर एक पातळ चकचकीत पापुद्रा असतो. वयाने किंवा घासून तो निघाला की खालचा पांढुरका थर दिसतो आणि तपकिरी गोगलगाय फिकी वाटते. तिची पिल्लं तपकिरी निघाली तर आश्चर्य नको: म्हातारपणचं फिकेपण वारशात जात नाही.

जेरेमीची गोष्ट: दिसतं वारशासारखं, पण

गोगलगायीचं प्रत्येक दुर्मीळ वैशिष्ट्य आनुवंशिक असतं का? याचं उत्तर जेरेमीने दिलं. ही वेगळ्या जातीची, साधी बागेतली गोगलगाय. २०१६ मध्ये लंडनमधल्या एका खतकुंडीत सापडली. बहुतेक गोगलगायींचा शंख उजवीकडे वळतो, जेरेमीचा डावीकडे वळलेला होता. आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून भारी किमतीला विकला जातो तो समुद्री शंखही असाच नेहमीपेक्षा उलट्या वळणाचा. शंख उलटा म्हणजे शरीरही आरशातल्यासारखं उलटं, जननेंद्रियाचं छिद्र दुसऱ्या बाजूला. त्यामुळे उजव्या जोडीदाराशी मीलन जमत नाही. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या अँगस डेव्हिसन यांनी जाहीर आवाहन केलं आणि दोन डाव्या गोगलगायी सापडल्या: इप्सविचची लेफ्टी आणि स्पेनच्या मायोर्का बेटावरची तोमेऊ. त्या दोघींचंच आधी जुळलं, आणि जेरेमी तसाच राहिला. दीडशेहून जास्त पिल्लं झाली, सगळी उजव्या वळणाची. २०१७ मध्ये मरण्याआधी जेरेमीचंही तोमेऊशी जमलं. तीही पिल्लं उजवीच.

यावर लगेच ‘वारसा नाही’ असं म्हणता येत नव्हतं, कारण शंखाच्या वळणाचा एक विचित्र नियम १९२३ पासून माहीत आहे. तळ्यातल्या एका गोगलगायीत बॉयकॉट आणि डायव्हर यांना आढळलं की पिल्लाच्या शंखाची दिशा त्याच्या स्वतःच्या पानांवर ठरत नाही, आईच्या हातातल्या पानांवर ठरते. पिल्लाची स्वतःची पानं दिसतात ती त्याच्या पिल्लांत, एक पिढी उशिरा. म्हणून जेरेमीच्या वंशाच्या पुढच्या पिढ्याही तपासाव्या लागल्या. २०२० मध्ये निष्कर्ष आला: बागेतल्या या जातीत डावं वळण हा बहुतेक वेळा वारसा नसतो, गर्भाच्या वाढीतला अपघात असतो.

रंग हा वारसा आहे आणि जेरेमीचं वळण अपघात, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता आलं नसतं. दोन-तीन पिढ्या वाढवूनच ते कळतं.

इतके रंग निसर्गाने ठेवले कशाला?

१९५० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या आर्थर केन आणि फिलिप शेपर्ड यांनी याचा माग काढला. सॉन्ग थ्रश नावाचा पक्षी गोगलगाय चोचीत धरून ठराविक दगडावर आपटून फोडतो. त्या दगडाभोवती पडलेले तुकडे मोजले तर कुणाची शिकार जास्त झाली ते कळतं. तपकिरी पालापाचोळ्याच्या जंगलात तपकिरी आणि गुलाबी बिनपट्ट्याच्या गोगलगायी जास्त, गवतात पिवळ्या पट्टेदार जास्त. जिवंत गोगलगायीचा पिवळा शंख आतल्या अंगामुळे हिरवट दिसतो, त्यामुळे गवतात तो लपतो. शेपर्ड यांनी एकाच जंगलात ऋतूबरोबर हिशेब बदलतानाही पाहिला: वसंताच्या सुरुवातीला जमीन तपकिरी असताना पिवळ्यांची शिकार जास्त झाली, हिरवळ वाढल्यावर कमी.

पक्ष्याइतकंच महत्त्वाचं ऊन. गडद शंख लवकर तापतो, पिवळा कमी. नेदरलँड्समध्ये लोकांनी मोबाइलवर काढलेले सुमारे आठ हजार फोटो तपासून २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवलं की शहरांच्या तापलेल्या मध्यभागात आसपासच्या भागापेक्षा पिवळ्या गोगलगायी जास्त आहेत. मग तापमानवाढीने सगळा युरोप पिवळा होतोय का? नाही. २००९ मध्ये हजारो हौशी लोकांच्या मदतीने झालेल्या मोठ्या पाहणीत तशी सरसकट वाढ दिसली नाही. ती वाळूच्या टेकड्यांवर दिसली. थ्रश कमी झाल्यामुळे जंगलात गडद रंगांना मिळणारा फायदाही बदलला असावा, असा एक तर्क त्या अभ्यासात आहे. एका कारणाने सगळं समजावणाऱ्यांची गोगलगायीने नेहमीच पंचाईत केली आहे.

आपल्याकडची शंखी गोगलगाय पाळावी का?

नको. ती मुळात पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या चौरंगीतल्या एका बागेत सोडली, आणि तिथून तिने देशभर पाय नसताना मजल मारली. ती एका खेपेला शंभर-दोनशे अंडी सहज घालते. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताच्या अळ्या तिच्यात असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. शेतात वेचतानाही हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी, नंतर साबणाने हात धुवावेत.

हिच्याही हौशी तऱ्हा आहेत. नेहमीचा शंख आणि दुधासारखं पांढरं अंग असलेली तऱ्हा चीनमध्ये खाण्यासाठी जोपासली गेली आणि युरोपात पाळण्यासाठी विकली जाते. प्राण्यांमधला असा रंगलोप सहसा अप्रभावी असतो, म्हणजे दोन्ही पानं पांढरी जुळून आली तरच दिसतो. मोकळ्या रानात सगळ्यांचीच अंगं पांढरी असणं म्हणूनच संशयास्पद. २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या पास्को काउंटीत ही गोगलगाय सापडली तेव्हा तिथल्यांची अंगं नेहमीसारखी करडी-तपकिरी नव्हती, फिकट दुधी होती, आणि ती पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आली असावी असा अंदाज अधिकाऱ्यांनी बांधला. त्याच राज्यात १९६६ मध्ये हवाईहून परतलेल्या एका मुलाने तीन गोगलगायी मायामीत आणल्या होत्या. आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत अठरा हजारांहून जास्त गोगलगायी वेचल्या गेल्या आणि निर्मूलन पूर्ण व्हायला १९७५ उजाडलं.

ब्रिटनमध्ये जिथे ही पाळायला बंदी नाही, तिथले जाणते पाळणारे अंडी दिसली की मोजकी ठेवतात आणि उरलेली त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकतात. नुसती कचऱ्यात टाकलेली अंडी फुटू शकतात, गोठलेली नाही.